आधी काच वाचा, मग अक्षरं : जुने इन्सुलेटर आणि बाटल्या जमवताना

प्रश्न थोडक्यात असा : जुन्या घराच्या माळ्यावर एक खोकं सापडलं आहे. त्यात ‘हेमिंग्रे-४२’ अशी उठावाची अक्षरं असलेला निळसर हिरवा, जड इन्सुलेटर (खांबावर तार ज्याला बांधतात ती काचेची टोपी) आहे. शिवाय एक फिकट जांभळी औषधाची बाटली, मानेत गोटी अडकवलेली सोड्याची बाटली, ‘३० नोव्हेंबर १८५८’ ही तारीख असलेली बरणी आणि एक-दोन धुरकट पांढऱ्या बाटल्या. हे किती जुनं, किती मोलाचं, स्वच्छ कसं करायचं आणि इथून संग्रह सुरू करायचा तर कसा?

आधी एक विनंती. यातलं काहीही अजून पाण्यात बुडवू नका. एखाद्या बाटलीला कागदी लेबलाचा तुकडा चिकटलेला असेल, तर तो काचेपेक्षा दुर्मीळ आहे. काच जमिनीत शंभर वर्षं राहते, कागद राहत नाही. बूच लावलेल्या बाटलीत द्रव किंवा भुकटी दिसली तर ती हळूच बाजूला ठेवा (बुचाभोवती पिवळे स्फटिक असतील तर हलवूही नका), तिच्याबद्दल पुढे लिहितो. धुण्याआधी काच वाचायची असते. वस्तू कशी घडवली गेली हे तिच्या अंगावरून ओळखता यायला लागलं की वय, प्रत आणि बनावट हे सगळं त्यातूनच कळू लागतं. या छंदात शिकण्यासारखं मुख्य हेच आहे. अक्षरं त्यानंतर.

अक्षरांवर आधी विसंबू नये असं का म्हणतो, ते तुमच्या बरणीवरच लिहिलेलं आहे. ३० नोव्हेंबर १८५८ ही जॉन लँडिस मेसन यांना आट्यांच्या तोंडाच्या बरणीसाठी मिळालेल्या अमेरिकी पेटंटची तारीख. बरणी घरोघरी गेली, पेटंटची मुदत संपली, तरी कितीतरी कारखान्यांनी तीच ओळ आपल्या साच्यांत ठेवली आणि ती पुढे कित्येक दशकं काचेवर उमटत राहिली. म्हणून ही तारीख असलेल्या बहुतेक बरण्या १८५८ च्या नाहीत, बऱ्याच नंतरच्या आहेत. कोका-कोलाच्या कमनीय बाटलीचंही तसंच. १६ नोव्हेंबर १९१५ आणि २५ डिसेंबर १९२३ या तारखा पेटंटच्या आहेत, बाटली त्या दिवशी ओतलेली नाही. पेटंटची तारीख एवढंच सांगते, की वस्तू यापेक्षा जुनी नाही.

उलट कायद्याने घालायला लावलेली ओळ फार उपयोगी पडते. अमेरिकी मद्याच्या बाटलीवर ‘ही बाटली पुन्हा विकणं वा वापरणं केंद्रीय कायद्याने निषिद्ध’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य उठावात असेल, तर ती साधारण १९३५ ते १९६४ या काळातली. जुन्या बाटल्यांच्या नावाखाली अशा बाटल्या सर्रास विकल्या जातात. त्या वाईट नाहीत, पण शंभर वर्षांच्याही नाहीत.

आता बाटली हातात घ्या आणि उलटी करा. मी नेहमी बुडापासून सुरुवात करतो. फुंकनळीने फुगवलेल्या बाटलीचं तोंड घडवायचं तर ती तप्त बाटली दुसऱ्या टोकाने धरावी लागे. त्यासाठी कारागीर तिच्या बुडाला लोखंडी सळई चिकटवत आणि काम झालं की झटक्याने तोडून काढत. तिथे खरबरीत व्रण उरतो : कधी बोटाला टोचणारं काचेचं कडं, कधी गंजासारखा तांबूस-काळा डाग. १८५० ते १८७० च्या दरम्यान अमेरिकेत सळईची जागा बाटलीला बाहेरून धरणाऱ्या पकडीने घेतली आणि साध्या वापराच्या बाटल्यांची बुडं गुळगुळीत झाली. व्रण म्हणजे बाटली नक्की जुनी, असं मात्र धरू नका. हाताने काच फुंकणारे आजही सळई वापरतात आणि पर्यटकांसाठी केलेल्या नकलांच्या बुडाला तो व्रण हौसेने ठेवलेला असतो. खऱ्या जुन्या बाटलीच्या बुडाच्या कडेला ठेवण्या-उचलण्याने झालेले ओरखडे वेड्यावाकड्या दिशांनी आणि कमी-जास्त खोलीचे असतात. सँडपेपरवर घासून आणलेली झीज एकसारखी दिसते. भिंग घेऊन दोन्ही एकदा शेजारी शेजारी पाहिली की फरक पुन्हा विसरत नाही.

बुडावर मध्यापासून थोडं सरकलेलं, पिसासारख्या कडेचं कडं दिसलं तर ती वेगळी खूण. मायकेल ओवेन्स यांनी १९०३ मध्ये पूर्ण स्वयंचलित बाटली-यंत्र उभं केलं. ते वितळलेली काच शोषून घेई आणि खालून सुरीने कापी. त्या कापाचा हा वण. तो दिसला की फुंकनळीचा विषय संपला.

मग साच्याची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उभी रेघ. शिवण तोंडाच्या कडेवरून पार गेली असेल तर बाटली यंत्राची. शिवण मानेत विरून गेली आणि तोंडाभोवती आडव्या, गोल फिरवल्याच्या रेषा असतील, तर तोंड हाताने हत्यार फिरवून घडवलं आहे. इथे एक फार पसरलेला समज खोडून काढावासा वाटतो : शिवण जितकी वर चढलेली तितकी बाटली नवी, असं म्हणून वर्षांची कोष्टकं फिरत असतात. त्यात तथ्य नाही. शिवण कुठे विरते हे कारागिराने तोंड किती तापवलं आणि हत्यार किती खोल फिरवलं यावर ठरतं. एकाच कारखान्यात एकाच दिवशी बनलेल्या दोन बाटल्यांत ते निराळं असू शकतं. शिवण अजिबात नाही म्हणजे बाटली साच्याविनाच फुंकली, हाही निष्कर्ष घाईचा. दारूच्या कितीतरी बाटल्या साच्यात गोल फिरवून काढत, त्यामुळे शिवण पुसली जाई आणि अंगावर बारीक आडवी वलयं राहत.

तोंडाकडे थोडा जास्त वेळ द्या. आधीच्या पद्धतीत मानेवर काचेची वेगळी पट्टी गुंडाळून ओठ करत. ती पट्टी मानेवर ओघळलेली, बोटाने चाचपता येण्यासारखी दिसते. पुढे मानेचीच काच पुन्हा तापवून हत्याराने ओठ वळवू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत अमेरिकेत हा बदल बहुतेक ठिकाणी झाला. तोंडावरून बूच कोणतं होतं तेही कळतं आणि बुचांच्या तारखा चांगल्या ठाऊक आहेत. आतून तारेच्या फासाने ओढून बसवायचं हचिन्सन बूच १८७९ चं. पत्र्याचं कंगोरेदार झाकण विल्यम पेंटर यांचं, १८९२ चं. त्या झाकणासाठी घडवलेला ओठ असेल, तर विक्रेता काहीही सांगो, बाटली त्याआधीची असूच शकत नाही.

तुमची गोटीची बाटली ही हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची कल्पना, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीची. बाटली उलटी धरून भरत, आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर येऊन रबरी कड्यावर घट्ट बसे. मानेच्या दोन खोबणी आहेत ना, त्या ओतताना गोटी अडवून धरण्यासाठी. कल्पना इतकी चांगली की या घाटाच्या बाटल्या अजूनही बनतात, आणि म्हणूनच नुसत्या घाटावरून वय सांगता येत नाही. काचेत बुडबुडे आहेत का, ओठ कसा वळवला आहे, सोडा भरणाऱ्याचं नाव-गाव उठावात आहे का, हे पाहा. गाव वाचता येत असेल तर त्या गावचा सोडावाला कोणत्या वर्षांत धंद्यात होता, हे जुन्या व्यापारी सूचींत सापडू शकतं. साच्यापेक्षाही नेमकी तारीख अनेकदा तिथे मिळते. गोटी बाहेर काढायचा प्रयत्न मात्र करू नका. ती काढण्यासाठी पूर्वी मुलांनी फोडलेल्या बाटल्यांमुळेच अखंड बाटल्या कमी उरल्या आहेत.

इन्सुलेटरकडे येतो, माझा जास्त जीव त्यांच्यावर आहे. तारायंत्राच्या सुरुवातीच्या काळातल्या इन्सुलेटरच्या पोटातलं भोक गुळगुळीत असे. ते लाकडी खुंटीवर नुसतं बसवत आणि वाऱ्याने तार हलली की ते उचकटून निघे. २५ जुलै १८६५ रोजी लुई कोवे या सुताराला भोकात आटे पाडण्याचं पेटंट मिळालं, खुंटीवरही आटे आले आणि इन्सुलेटर फिरवून घट्ट बसू लागला. म्हणून पहिली तपासणी बोट आत घालून करा. आटे नसतील आणि वस्तू अस्सल असेल, तर ती जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय हातची सोडू नका. आट्यांविनाचे नग खरोखर कमी आहेत आणि त्यांच्या नकलाही झाल्या आहेत.

इन्सुलेटरचा खालचा झगा, म्हणजे खुंटीभोवती खाली पसरलेला घेर कशासाठी, हे समजलं की घाट आपोआप वाचता येतात. पाऊस वरून ओघळतो, पण झग्याच्या आतली बाजू कोरडी राहते आणि तारेतला प्रवाह ओल्या पृष्ठभागावरून खुंटीकडे पळू शकत नाही. आत आणखी एक झगा दिला की ती वाट अजून लांबते. काठावर छोट्या दातऱ्यांची रांग दिसते ती हेमिंग्रे कंपनीची सुधारणा, पेटंट २ मे १८९३ चं. पाण्याचा सलग पडदा न होता थेंब दातऱ्यांवरून सुटून पडावेत, हा हेतू. ही तारीखही पुढे बरीच वर्षं काचेवर राहिली, तेव्हा मेसनच्या बरणीचाच नियम इथे लावा.

संग्राहक घाटाला ‘सीडी’ (कन्सॉलिडेटेड डिझाइन) क्रमांकाने ओळखतात. एन. आर. वुडवर्ड यांनी बसवलेल्या या पद्धतीत कारखाना कोणताही असो, बाह्याकार एक तर क्रमांक एक. तुमचा हेमिंग्रे-४२ म्हणजे सीडी १५४. व्हिटॉल टॅटम कंपनीचा ‘नंबर १’ हासुद्धा सीडी १५४ च. मधमाशांच्या पोळ्यासारखा गोलसर सीडी १४५, दोन कान असलेला सीडी २५७, ज्याला सगळे ‘मिकी माउस’ म्हणतात. हे चार-सहा क्रमांक तोंडपाठ झाले तरी कोणत्याही टेबलावरचा माल भराभर चाळता येतो.

हेमिंग्रे-४२ हा बहुधा सगळ्यात सहज मिळणारा काचेचा इन्सुलेटर. प्रचंड संख्येने बनला, खांबांवरून प्रचंड संख्येने उतरला. पैशाच्या दृष्टीने तुमचा निळसर हिरवा नग किरकोळ आहे हे स्पष्ट सांगतो, आणि तरीही शिकण्यासाठी याहून चांगला नग नाही, हेही तितक्याच मनापासून सांगतो. कारण यावर अक्षरं खरं बोलतात. १९३३ मध्ये हेमिंग्रे कंपनी ओवेन्स-इलिनॉइस या काचेच्या कंपनीकडे गेली. त्या सुमारापासूनच्या नगांवर मागे आडव्या रेघेच्या दोन बाजूंना दोन आकडे दिसतात. डावा साच्याचा क्रमांक, उजवा वर्षाचा, आणि त्यापुढचा प्रत्येक ठिपका म्हणजे साचा आणखी एक वर्ष वापरात राहिला. समजा उजवीकडे ४२ आणि तीन ठिपके असतील, तर नग १९४५ चा. असे आकडे नसतील तर तो बहुधा त्याआधीचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकफील्ड कंपनीच्या जुन्या नगांवर ‘४५ क्लिफ स्ट्रीट’ किंवा ‘५५ फुल्टन स्ट्रीट’ असे पत्ते उठावात असतात. कंपनीने जागा बदलली की साच्यातला पत्ता बदले, त्यामुळे पत्ता हीच तारीख होऊन बसते.

वयाला इन्सुलेटरच्या बाजारात फारसं वजन नाही. मोल ठरतं ते रंगावर, त्या घाटात आणि त्या अक्षरांत तो रंग किती विरळ आहे यावर, आणि नग किती धड आहे यावर. हिरवट निळा हा काचेचा जवळजवळ स्वाभाविक रंग, वाळूतल्या लोहामुळे येणारा. तोच घाट कोबाल्ट निळ्यात, मधासारख्या पिवळ्यात किंवा भट्टीत दोन रंगांची काच नीट न मिसळल्याने आलेल्या धाग्यांसह मिळाला, तर मोलाचा हिशेबच बदलतो. साहजिकच रंगाच्या बाबतीत फसवणूकही सगळ्यात जास्त होते.

यावरून तुमची जांभळी बाटली. वाळूतल्या लोहाचा हिरवेपणा मारून काच पारदर्शक करायला मँगेनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की अतिनील किरणांमुळे मँगेनीजची अवस्था बदलते आणि काचेला जांभळी छटा येते. अमेरिकेत साधारण १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत हा वापर जोरात होता. पुढे सेलेनियम आलं, त्याची काच उन्हाने फिकट गव्हाळ होते. फिकट, कडेला थोडा गडद होत जाणारा जांभळा रंग असेल तर तो उन्हाचा असू शकतो. द्राक्षासारखा गच्च जांभळा दिसला तर थांबा : गॅमा किरणांच्या माऱ्याने असा रंग मुद्दाम आणता येतो आणि तो उतरवणं म्हणजे काच पुन्हा भट्टीच्या तापमानाला नेणं. प्रत्येक गडद जांभळा नग खोटा असंही नाही. कॅनडियन पॅसिफिक रेल्वेची अक्षरं असलेले सीडी १४३ घाटाचे इन्सुलेटर जांभळ्या छटांत अस्सल मिळतात. म्हणून त्या घाटात तो रंग नोंदलेला आहे का, हे विकत घेण्याआधी पाहायचं. स्वतःच्या स्वच्छ बाटल्या गच्चीवर ठेवून जांभळ्या करायची टूम मला अजिबात पसंत नाही. तिथे एक मूळ वस्तू कायमची बदलते आणि पुढच्या माणसाला ती कशी होती हे कळायची सोय राहत नाही.

अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी या कामी फार उपयोगी आहे. अंधाऱ्या खोलीत मँगेनीजची काच मंद हिरवी उजळते, युरेनियमची झगझगीत पिवळी-हिरवी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे टवका भरायला वापरलेलं राळेचं मिश्रण बहुतेक वेळा काचेपेक्षा वेगळं चमकतं. दिवसा डोळ्याला न दिसलेली दुरुस्ती तिथे उघडी पडते.

आता स्वच्छता. लेबल नसलेल्या, रिकाम्या बाटल्या कोमट पाण्यात सौम्य साबण घालून भिजवा, दोन-चार दिवस लागले तरी चालतील, आणि मऊ ब्रशने घासा. गार काचेवर गरम पाणी किंवा उलट, हे कधीही नको. जुन्या काचेत थंड होताना राहून गेलेला ताण असतो आणि ती एका झटक्यात तडकते. चुनखडीच्या पांढऱ्या थराला व्हिनेगर पुरतं. इन्सुलेटरवरची कोळशाच्या धुराची काजळी आणि गंज साबणाला दाद देत नाहीत, त्यांना ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे, चष्मा, मोकळी हवा आणि स्वयंपाकाची भांडी पूर्णपणे दूर. तारेची घासणी नको, वाळूही नको.

तुमच्या धुरकट बाटल्यांचं दुखणं बहुधा मळाचं नाही. ओलाव्याने काचेतला क्षार वर्षानुवर्षं निघून गेला की पृष्ठभागच बदलतो. आधी पांढुरकी झाक, मग कधी कधी सप्तरंगी पापुद्रा. ते धुऊन जात नाही. तेलाचा हात फिरवला तर तात्पुरतं लपतं, आणि काही विक्रेते नेमकं तेच करतात, म्हणून घेण्याआधी कोपरा साबणाने पुसून पाहावा. यंत्रात तांब्याचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली तासन्‌तास फिरवली की झाक जाते, पण वरची काचही थोडी जाते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. साध्या बाटलीला ठीक; जुन्या, विरळ बाटलीला मी ते करू देत नाही. सप्तरंगी पापुद्रा तर मला सुंदरच वाटतो.

बाजूला ठेवलेल्या, भरलेल्या बाटल्यांबद्दल. जुन्या औषधांत आर्सेनिक, पारा, स्ट्रिक्नीन हे सर्रास असे. निळ्या, षट्‌कोनी, अंगावर उभ्या रेघा किंवा टोकदार उंचवटे असलेल्या बाटल्या मुद्दाम तशा घडवत, म्हणजे अंधारात हाताला लागताच विष आहे हे कळावं. बूच उघडून वास घेऊ नका, मोरीत ओतू नका. वाळलेलं पिक्रिक ॲसिड धक्क्यानेही फुटू शकतं, म्हणून बुचाभोवती पिवळे स्फटिक दिसले तर बाटली हलवूही नका आणि अग्निशमन दलाला कळवा. आगीवर फेकायच्या काचेच्या गोळ्यांतही तशीच काळजी हवी, नंतरच्या काही गोळ्यांत कार्बन टेट्राक्लोराइड हे विषारी द्रव्य असे.

संग्रह वाढवायचा म्हणून खांबावर चढून इन्सुलेटर काढायचा विचार मनातही आणू नका. ओसाड दिसणाऱ्या तारेत वीज असू शकते आणि ती मालमत्ता दुसऱ्याची असते. उकिरडे आणि बुजलेले खड्डे खणायचे तर जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या, पुरातत्त्व कायदा पाहा, एकट्याने खणू नका आणि बाजू न टेकवता डोक्याच्या उंचीच्या खड्ड्यात उतरू नका. माती ढासळून माणसं गाडली जातात. सुरुवातीला जुन्या वस्तूंचे बाजार, घरमोडीचा माल आणि संग्राहकांचे मेळावे पुरेत. मेळाव्यात तर वस्तू हातात घेऊन पाहायला मिळते, आणि डोळा तयार होतो तो तिथेच.

काय जमवायचं ते लवकर अरुंद करा. एका गावच्या सोड्याच्या बाटल्या, किंवा एकच सीडी १५४ घाट, पण मिळतील तेवढ्या कारखान्यांचा आणि रंगांचा. शेकडो असंबद्ध बाटल्यांपेक्षा अशी लहान रांग जास्त शिकवते. प्रत्येक नगाची नोंद त्याच दिवशी करा : कुठून आला, कोणाकडून, जमिनीतून असेल तर किती खोल, सोबत काय होतं. बाटल्या वर्षानुवर्षं पुन्हा भरून वापरल्या जात, त्यामुळे बनण्याचं वर्ष आणि टाकून देण्याचं वर्ष यांत मोठं अंतर असू शकतं, आणि ते अंतर फक्त शेजारच्या वस्तूंवरून कळतं.

तुमच्या खोक्यातल्या वस्तूंबद्दल आणखी काही सांगायचं तर मला चार फोटो लागतील : बूड, तोंड जवळून, शिवण दिसेल अशी बाजू, आणि मागे पांढरा कागद व खिडकीचा उजेड ठेवून पूर्ण नग. फ्लॅश नको, त्याने रंग खोटा येतो. उठावाची अक्षरं उजेडात दिसत नसतील तर दिवा बाजूने, काचेला जवळजवळ समांतर धरा. आणि इन्सुलेटरच्या मागची आकडे-ठिपक्यांची बाजू विसरू नका.